पाचव्या दिवसाचा आकडा

टंकलेखकाचं मोजणीबाईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्या त्याची चूक दाखवायला आल्या तेव्हा. बी-परीक्षण केंद्रात तो नवा होता. अहवालात त्याने 'सुमारे पन्नास बिया' असं छापलं होतं. बाई टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "दादा, सत्तेचाळीस होत्या. सुमारे कशाला? मी मोजल्यात की."

मोजणीबाई हे नाव केंद्रानेच ठेवलेलं. ओल्या टिपकागदावर मांडलेल्या बियांपैकी किती उगवल्या, हे रोज अकरा वाजता मोजून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. साहेब थट्टेने म्हणत, बाईंच्या शेजारी जेवायला बसू नका, घास मोजतील. बाईही हसत. चुकलेला आकडा त्या गिरबटून टाकत नसत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारत, शेजारी सही आणि कारण. एवढा उपद्व्याप कशासाठी, असं टंकलेखकाने एकदा विचारलं होतं. कुठेतरी कोणीतरी हे वाचून आपल्या बिया भिजवणार, त्या म्हणाल्या; तो काही आपल्याला विचारायला येणार नाही, त्याला सगळं कागदावरच सापडलं पाहिजे.

मग बाईंचे यजमान गेले. पहाटे, दवाखान्यात. त्या दिवशीही बाई अकराला केंद्रात आल्या, मोजणी उरकली आणि कोणाला काही न सांगता परत गेल्या. टंकलेखकाला दिसल्या त्या फक्त त्यांच्या पायातल्या घरातल्या चपला. बातमी संध्याकाळी कळली.

दोन आठवडे मोजणी दुसऱ्या एकाने केली, मग बाई कामावर रुजू झाल्या. रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. चहा समोर ठेवला की प्यायच्या. नाही ठेवला तर मागायच्या नाहीत.

चार महिन्यांनी साहेबांचा लेख टंकनाला आला. दोन वर्षांचं काम होतं, आणि साहेबांची बढती त्यावर अडकलेली. भिजवलेल्या बिया लवकर उगवतात, या म्हणण्याचा सगळा भार पाचव्या दिवसावर होता : पन्नासपैकी एकेचाळीस. तक्ता वहीशी ताडून पाहताना बाईंचं बोट त्या आकड्यावर थांबलं. त्या वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. टंकलेखक कागद सावरत मागोमाग.

"साहेब, हा एकेचाळीस काढा."

साहेबांनी वही पाहिली. "अक्षर तर तुमचंच आहे."

"लिहिला मीच. पण मोजल्याचं आठवत नाही. हे गेले त्या दिवशीचा आहे तो."

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. मग आवाज मऊ करून समजावू लागले. चौथ्या दिवशी तेहेतीस, सहाव्या दिवशी चव्वेचाळीस. मध्ये एकेचाळीस अगदी चपखल बसतो. कोणाला शंकाही यायची नाही.

"बसतो, म्हणूनच तर. तिथे काय यायला हवं ते मला पाठ होतं."

दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट सांगावी, तशा त्या बोलत होत्या. साहेब म्हणाले, ते बियाणं संपलंय, प्रयोग पुन्हा करता येणार नाही. आकडा काढला तर सगळी मांडणी लंगडी पडेल.

"मग लंगडीच लिहा, साहेब."

बाईंनी तिथेच रेघ मारली, सही केली. कारणाच्या जागी पेन थांबलं. वैयक्तिक अडचण लिहा, साहेबांनी सुचवलं.

"वाचणाऱ्याला माझ्या अडचणीचं काय करायचंय?" म्हणत त्यांनी लिहिलं : मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं, आकडा धरू नये.

टंकलेखकाने पान नव्याने छापलं. तक्त्यात रिकामी चौकट, खाली एक टीप, आणि 'सिद्ध होते'च्या जागी 'असे दिसते'. लेख वर्षभर मागे पडला, बढती दुसऱ्याला मिळाली. साहेब बरेच महिने बाईंशी कामापुरतंच बोलत.

बाई अजून त्याच केंद्रात आहेत. अकरा वाजता ट्रेमधल्या बिया मोजतात, ट्रे झाकतात, पुन्हा उघडतात आणि दुसऱ्यांदा मोजतात.