वाटणीत गेलेल्या लक्ष्म्या

पोखर्णीत लुगडं नेसवावं तर बायनाबाईनंच. नवरीला शालू नेसवायचा असो नाहीतर भादव्यात महालक्ष्मीला, बोलावणं तिलाच जायचं. ती यायची, घरातल्या बायांनी तासभर खपून नेसवलेलं सगळं आधी सोडायची, "पोत्याला सुतळी आवळल्यागत आवळलंय की गं देवीला," म्हणायची आणि दातात पिना धरून कामाला लागायची. निऱ्या अशा पडायच्या की पत्र्याच्या कोठीला कंबर आल्यासारखी वाटायची. पिना तोंडात असतात तेवढा वेळच बायको गप्प बसते, असं तिचा नवरा बन्सीधर पारावर सांगायचा. अर्थात बायनाबाई आसपास नसताना.

अशा या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र महालक्ष्म्यांची तोंडं जुळत नव्हती.

महालक्ष्म्या म्हणजे दोघी बहिणी, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. वर्षातनं तीन दिवस दोघी माहेरपणाला येतात. पहिल्या दिवशी कुंकवाच्या पावलांवरून घरात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू आणि निरोप. धड म्हणजे धान्य भरलेली कोठी. तिला लुगडं, दागिने, वर फुलोरा, पुढ्यात पितळी बाळ. पण हा सगळा थाट मुखवटा बसेपर्यंत नुसतं सामान असतो. मुखवटा बसला की घरातली माणसं आपोआप हळू बोलायला लागतात.

बायनाबाईकडची थोरली पितळी होती, आजेसासूच्या आधीपासूनची. नाक झिजून गुळगुळीत झालेलं, डोळे शांत. शेजारची धाकटी परभणीच्या बाजारातनं आणलेली, प्लास्टरची, गुलाबी गालांची, आणि चेहऱ्यावर भाव असा की आपण कुणाच्या लग्नात आलोय हेच तिला ठाऊक नाही. खरी धाकटी, थोरलीच्या जोडीची पितळी, पिंगळीला होती. बायनाबाईच्या बहिणीकडं. आणि ती तिथं कशी गेली, हे बायनाबाईला रोज आठवत नसलं तरी भादव्यात हमखास आठवायचं.

बायना आणि सुला सोनपेठकडच्या. बायना आधी पोखर्णीत आली आणि चार वर्षांनी तिनंच सासूच्या मागं लागून धाकट्या दिराला, भागवतला, आपली बहीण करून आणली. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या. सासूनं पहिल्याच भादव्यात सांगून टाकलं, थोरलीनं थोरलीला नेसवायचं, धाकटीनं धाकटीला. सुलाला निऱ्या कधी जमल्या नाहीत. बायना आपली लक्ष्मी उरकून गुपचूप तिच्याही लक्ष्मीचा पदर सारखा करायची आणि वर तिलाच चिडवायची, "तुझी देवी बग, बाजारातनं पळत आल्यागत दिसायलीय."

पुढं सासू गेली आणि वाटणी निघाली. वाटणी झाली तीही गोडीत. भाऊबंदातले म्हातारे तात्याराव फैसल्याला बसले होते. त्यांना तंबाखू मळण्यापलीकडं काही कामच पडलं नाही. म्हैस भागवतकडं गेली तर बन्सीधरनं तिचं दावंसुद्धा सोबत दिलं. भांड्यांपर्यंत सगळं हसतखेळत आलं. एका तांब्याच्या घागरीवरून मात्र दोघी बहिणींची जराशी तकरार झाली, आणि ती तकरार तोंडात तशीच असताना देव्हाऱ्याची पाळी आली.

देव थोरल्या घरी राहतात, ही रीत. सुलाबाईनं ती मानली. एवढंच म्हणाली, "अक्का, धाकटी मला दे. तिला मीच नेसवत आले. जोडीला थोरली मी नवी आणीन. आन बाळ दे."

लग्नाला सात-आठ वर्षं होऊन सुलाबाईची कूस उजवली नव्हती. दर भादव्यात आंबिलीचं पहिलं बोट ती त्या पितळी बाळाच्या ओठाला लावायची, हे बायनाबाईला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि तरीही, सकाळपासून भांडी मोजून बेजार झालेली, घागरीचा राग नाकावर असलेली बायनाबाई बोलून गेली, "मुखवटा ने. बाळाला नेऊन काय करतीस? तुपल्या घरी त्याच्यासंगं खेळायला कोण हाय?"

तिचा मुलगा हरिओम तेव्हा अंगणात चाक फिरवत होता.

तात्याराव तंबाखू थुंकून म्हणाले, "पोरींनो, देवाची वाटणी होत नसती." पण वाटणी होऊन गेली होती. सुलाबाईनं मुखवटा पदरात गुंडाळला आणि बाळाकडं न बघता उठली.

पुढं भागवतनं पिंगळीला स्टेशनाजवळ पिठाची गिरणी टाकली. तीन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बारशाला बन्सीधर एकटाच जाऊन आला; बायनाबाईला बोलावणं होतं, पण ते भागवतचं होतं, सुलाबाईचं नव्हतं. नाव राजनंदिनी ठेवलं हे तिला नवऱ्याकडनं कळलं. दोघी बहिणी लग्नाकार्यात भेटायच्या, एका पंगतीत बसायच्या, "मीठ सरकव" इतकं बोलायच्या. थोरलीनं आपणहून आधी कसं जावं, असं बायनाबाईला वाटायचं. धाकटीला काय वाटायचं हे तिनं कधी विचारलं नाही. पोखर्णीहून पिंगळी म्हणजे काही काशी नव्हे. ऑटोत बसलं की शेजारच्या बाईच्या सुनेचं गाऱ्हाणं संपायच्या आत माणूस पोचतं.

आणि गंमत अशी, की ज्या तीन दिवसांत देव्हाऱ्यातल्या बहिणी एकमेकींना भेटायच्या, त्याच तीन दिवसांत या दोघींना आपापलं गाव सोडता यायचं नाही. दोन्हीकडं देवी बसलेली. एकीकडं पितळी थोरली परक्या धाकटीशेजारी, दुसरीकडं पितळी धाकटी परक्या थोरलीशेजारी.

यंदा हरिओमचं लग्न झालं, निकिता सून आली. पुण्यात राहणारी, पण पहिल्या लक्ष्म्या म्हणून आठवडाभर आधी आलेली. तिनं पितळी मुखवटा देव्हाऱ्यातनं काढून चिंचेनं लख्ख घासला आणि विचारलं, "आई, दुसरा कुठंय?"

"माळ्यावर. पोत्यात."

निकितानं पोतं उतरवलं. मोडक्या पंख्याच्या पात्यांखालनं धाकटी निघाली. उंदरानं कान कुरतडलेला, गुलाबी गालावर जाळं. निकिता दोन्ही मुखवटे शेजारी धरून बघत राहिली. "ह्या बहिणी ना? मग एकीला देव्हाऱ्यात आणि एकीला माळ्यावर कसं काय?"

पोरीनं साधं विचारलं होतं. त्या रात्री बायनाबाईनं बन्सीधरला सांगितलं, "मी थोरली सुलाला देऊन येते. दोघी एका घरी राहू देत. तिच्याच घरी."

बन्सीधर उठून बसला. "आन आपल्या घरी?"

"आपल्या बंद. गुरवाला इचारलंय. मी तिकडं जाऊन नेसवीन, सैपाक करीन."

"थोरल्या घरचा मान सोडतीस?"

"मानानं काय केलं इतके दिस?" बायनाबाई म्हणाली. बन्सीधर परत आडवा झाला आणि झोपला.

लक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी ती पिंगळीला उतरली. पिशवीत खणात गुंडाळलेला मुखवटा, त्याच्या पोटात बाळ. दार राजनंदिनीनं उघडलं. बारावीतली पोर, हातभर उंच झालेली. "काकू? या ना," म्हणाली आणि आत ओरडली, "आई, पोखर्णीच्या काकू आल्यात!"

सख्खी मावशी, पण पोरीला काकू शिकवलेली. शिकवणारीनं फार विचार करूनच शिकवली असणार. बायनाबाई चपला काढायला गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

सुलाबाई स्टुलावर उभी राहून कोठीला लुगडं गुंडाळत होती. वळली नाही. "रस्ता चुकलीस जनू, अक्का?"

"ऑटोवाला चुकला. मनलं आता आलेच हाय तर उतरावं."

सुलाबाईच्या खांद्याला हसू आलं, तोंड दिसलं नाही. बायनाबाई जवळ गेली. "हे काय नेसवलंस? पाय दिसायलेत."

"कोठीचेच दिसायलेत. देवीचे थोडेच हायत?"

"सोड ते. उतर."

आणि सुलाबाई उतरली. बायनाबाईनं पिना दातात धरल्या, पदर खोचला, दोन्ही कोठ्यांना नेसवलं. धाकटीचा पदर तिनं जरा जास्तच वेळ सारखा केला. राजनंदिनी मोबाइल घेऊन धावली तोवर काम उरकलं होतं. "काकू, परत एकदा करा ना, व्हिडिओ राहिला."

"तुझ्या व्हिडिओपायी देवीला उघडी करू व्हय गं?" बायनाबाई दातात उरलेल्या पिनांमधनं म्हणाली, आणि तिघीही हसल्या. हसू विरायच्या आत तिनं पिशवी उघडली.

"सुला, ही घे. थोरली." मुखवटा तिनं दोन्ही हातांनी पुढं केला. "दोघी एकीकडं राहू दे. तुझ्या घरी. आमच्याकडच्या बंद करते. मी येत जाईन."

सुलाबाईनं मुखवट्याकडं बघितलं, नमस्कार केला, पण हात पुढं केला नाही. आत गेली आणि देव्हाऱ्यातनं ताट घेऊन आली. ताटात दोघी शेजारी. एक पितळी धाकटी. दुसरी तिच्या जोडीला आणलेली, प्लास्टरचीच. पण ही माळ्यावर राहिलेली नव्हती. नाकाचा शेंडा दोनदा उडून दोनदा बसवलेला दिसत होता. रंग वर्षाच्या वर्षाला राजनंदिनी द्यायची. भुवया कधी जाड, कधी बारीक, जशी फॅशन. एवढे हात फिरून फिरून तिचा चेहरा आता बाजारातला राहिला नव्हता. थोडा राजनंदिनीसारखाच दिसत होता.

"आणली तवा मलाबी परकीच वाटली," सुलाबाई म्हणाली. "पयल्या साली तर मी हिच्याकडं बगून नुस्ती रडले. मग राजू झाली. हिच्याच पुढं टाकली तिला, सव्वा महिन्याची. तापात फणफणायची तवा हिलाच बोलायचे मी, दुसरं कोण होतं?" तिनं ताट छातीशी धरलं. "आता हिला कुठं ठिवू, अक्का?"

"तिघी मांड."

"तिघी उभ्या राहत न्हाईत. तुला ठावं हाय."

बायनाबाईला ठाऊक होतं. गावभराच्या लक्ष्म्या तिनं मांडल्या होत्या. तिला वाटत आलं होतं की पिंगळीत एक जागा रिकामी आहे, आपण जाऊ तेव्हा भरू. उशीर झाला तरी जागा कुठं जाते? तिच्या घरची जागा तशी रिकामीच होती. पोत्यातल्या त्या पोरीला तिनं तीन दिवसांपलीकडं कधी हळदीचं बोट लावलं नव्हतं.

"मग बाळ तरी घे," ती म्हणाली आणि तळहात पुढं केला.

सुलाबाईनं बाळ उचललं, पदरानं पुसलं, त्याच्या गालावरनं अंगठा फिरवला. मग बायनाबाईच्या पिशवीत परत ठेवलं, हलक्या हातानं, निजवल्यासारखं. "तुमच्या घरी सून आलीय. तिकडंच राहू दे. निकिताला सांग, आंबिलीचं पयलं बोट त्याला लावायचं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बायनाबाईला सोपं गेलं असतं. टोमण्याला उत्तर द्यायला ती जन्मापासून तयार होती. एक वाक्य मात्र ती घरून घेऊन निघाली होती. तवा मी तसं बोलायला नको होतं, एवढंच. ऑटोत तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं होतं. तोंडात आता पिनाही नव्हत्या. पण राजनंदिनीनं चहा आणला, आणि बायनाबाई म्हणाली, "साखर जरा जास्त झाली."

"तुम्हाला गोडच लागतो मनून आईनं सांगितलं," पोर म्हणाली.

निघताना सुलाबाईनं ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. रीतीप्रमाणं धाकटीनं थोरलीच्या पाया पडायचं, ती पडली. बायनाबाईनं तिला उठवलं आणि दंड धरून ठेवला. सुलाबाईनं सोडवून घेतला नाही, धरलाही नाही.

"येत जा, अक्का."

"तूबी ये."

सडकेपर्यंत राजनंदिनी सोबत आली. ऑटोत बसल्यावर बायनाबाईनं तिला विचारलं, "मला मावशी म्हनशील का गं?"

पोर गोंधळली. "म्हणते की. पण सवय न्हाई ना, काकू."

घरी बन्सीधर ओट्यावर वाट बघत होता. पिशवी जड दिसली तसा उभा राहिला. "दिली न्हाईस?"

"तिनं घेतली न्हाई."

"का? अजून राग हाय?"

"राग कुठला. तिच्याकडं थोरली हाय."

"थोरली तर तुझ्या पिशवीत हाय की!" बन्सीधर म्हणाला.

बायनाबाई पिशवी सावरत उंबरा ओलांडून गेली. आत निकिता प्लास्टरच्या धाकटीचा कुरतडलेला कान मैद्याच्या खळीनं भरत बसली होती आणि तो काही केल्या टिकत नव्हता. बायनाबाई तिच्यापुढं खाली बसली, मुखवटा मांडीवर घेतला आणि ओल्या फडक्यानं त्याच्या गालावरचं जाळं पुसायला लागली. रंग जुना झालेला. जाळ्याबरोबर गुलाबीही फडक्यावर येत राहिला.