तीन नंबरची लेन्स

आवरायची हौस माझ्या अंगलट आली. ऑफिसात आत्याच्या टेबलावर लेन्समध्ये घालायच्या काळ्या, गोल कड्यांचे दोन डबे होते. कड्या दिसायला सारख्याच. एकाच मालाला दोन डबे कशाला, म्हणून मी सगळ्या एकात ओतल्या, रिकाम्या डब्यात पेनं खोचली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

एका डब्यात ॲल्युमिनियमच्या कड्या होत्या, दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या. हे मला कळलं तोवर त्यातल्याच पाच घालून मी पाच लेन्स जोडून, चिकटवून मोकळा झालो होतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऑफिसात मॅडम. तिनंच मला इथे लावून दिलं, त्यामुळे चुकलो की दोन्ही नात्यांनी शिव्या बसतात. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला पडद्यावर जे दिसतं, त्या कॅमेऱ्याची लेन्स ती बनवते. गारठ्यात काच आक्रसते, उन्हात फुगते, ती ज्या नळीत बसते तिचंही तेच, आणि चित्र धूसर होतं. ते सावरायला काच आणि नळीच्या मध्ये कडी घालतात. आत्या म्हणते, "संसारच आहे तो. फुगायचं सगळ्यांनीच, फक्त एकानं इकडे ओढलं तर दुसऱ्यानं तिकडे ओढायचं. म्हणजे घर जागेवर राहतं." स्वतः मात्र ती लग्नाच्या भानगडीत पडली नाही.

लेन्स तपासायला आमच्याकडे कपाटाएवढं यंत्र आहे, आत बर्फापेक्षा गार करा नाहीतर भट्टीसारखं तापवा. त्याच्यापाशी राहून आत्याला बारमाही स्वेटरची सवय लागली. भर उन्हाळ्यात तशीच भाजी आणायला जाते आणि शेजारणी तब्येत विचारतात. आमच्याकडे जेवायला आली की चमचे वरच्या ओठाला लावून बघते. धातू ओठाला गार लागतो, प्लॅस्टिक लागत नाही, हे तिचं शास्त्र. "नणंदबाई आल्या की चमच्यांची चंगळ," आई म्हणते, "मुके मिळतात त्यांना."

सोमवारी नमुने गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे जायचे होते. आधीच्या दोन खेपा थंडीत धूसर निघाल्या होत्या. याही खेपेला तसंच झालं तर आमचा विभाग बंद आणि आत्याची रवानगी खरेदीच्या फायलींत. साहेबांनी हे तिला चहा पाजून, फार गोड आवाजात सांगितलं होतं.

या वेळी तिनं एक काच बदलली होती. पाची लेन्स यंत्रात घातल्या. चार धूसर. तीन नंबरची मात्र गारठ्यातही स्वच्छ, तापवल्यावरही स्वच्छ.

आत्यानं ती पुन्हा एकदा गार करून बघितली. "काय चुकलं?"

"मॅडम, बरोबर आलंय."

"तेच विचारतेय. बरोबर कसं आलं?"

मग मला डब्यांचं सांगावंच लागलं.

"गाढवा!"

"ऑफिसात आहोत, मॅडम."

"गाढवाला ऑफिस काय नि घर काय!"

तिनं लेन्स नाजूक काट्यावर तोलल्या. तीन नंबर हलकी, म्हणजे प्लॅस्टिकची कडी. मला वाटलं, सुटलो. पण पाच नंबरही तेवढीच हलकी, आणि ती तर धूसर! तीही बाकीच्या तिघींच्या विरुद्ध दिशेला. ॲल्युमिनियम कमी ओढतं आणि प्लॅस्टिक हवं त्यापेक्षा जास्त, असं आत्याचं गणितही म्हणत होतं. मग तीन नंबरला काय झालं होतं? आत्या माझ्याकडे बघत होती, मी लेन्सकडे.

तेवढ्यात साहेब आले. "चालतेय ना? मग तशाच आणखी बनवा."

"तशाच म्हणजे कशा, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "देव जाणे."

"देव पगारावर नाही आपल्याकडे," आत्या म्हणाली. "का चालली ते कळल्याशिवाय मी काही पाठवणार नाही. न कळता चाललेलं न कळताच बंद पडतं. गाडीमागे उभं असलेलं पोर दिसलं नाही, तर कुणाला तोंड दाखवू?"

"सोमवार सांभाळा म्हणजे झालं," म्हणून साहेब गेले.

आत्यानं मला टेबलाशी बसवलं. "त्या दिवशी जोडलीस तशी जोड."

मी जीव ओतून, नीट जोडली.

"अशी नाही रे! रोज करतोस तशी कर. शीळ घाल. खिडकीबाहेर बघ."

लाजत लाजत शीळ घातली. दुसरी झाली, तिसरी झाली, सगळ्या नीट. चौथ्या वेळी खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, ती बघण्यात रमलो आणि आत्यानं माझं मनगट धरलं.

"थांब. हलू नकोस."

कडी उलटी बसली होती. कडीला आतून एक पायरी असते. उलटी बसली की काच त्या पायरीवर टेकते आणि निम्मंच प्लॅस्टिक ओढायला उरतं. तीन नंबरला हेच झालं होतं, ओढणं निम्म्यावर, म्हणजे बरोबर हवं तेवढ्यावर आलं होतं.

"म्हणजे माझ्या दोन चुका मिळून..."

"एकच केली असतीस, तर मी खरेदीत गेले असते," आत्या म्हणाली. हे कौतुक होतं की शिवी, ते मला अजून उमगलेलं नाही.

तशाच पाच जोडल्या, प्लॅस्टिकच्या कड्या मुद्दाम उलट्या बसवून. पाची स्वच्छ निघाल्या. सोमवारी गेल्या, पुढच्या महिन्यात पासही झाल्या. विभाग राहिला, स्वेटरही राहिला.

माझं एक देणं तेवढं राहिलंय. मिसळलेला डबा निवडून द्यायचा, तोही काट्यावर नाही, एकेक कडी वरच्या ओठाला लावून. शिक्षा आहे की शिक्षण, विचारलं तर आत्या नुसती हसते. अर्ध्यावर आलो की ओठ बधिर होतो आणि सगळंच गार लागायला लागतं. काल एक कडी आधी गार लागली, मग तीच गार लागेना. ती बाजूला ठेवली आहे.

"झाला का रे डबा?" आत्यानं जाता जाता विचारलं.

"होतोय, मॅडम."

"आत्या म्हणून विचारतेय."

"मग नाही झाला."