चोवीस सांगितलं, तर लावले बेचाळीस!

मागच्या मंगळवारी आमच्या वर्गात 'चोवीस' या आकड्याने मला चांगलंच घाबरवलं...

मी परतूर तालुक्यात आष्टीला राहते. दुपारची कामं उरकली की गावातल्या समाजमंदिरात मोठ्या बायकांना आकडे आणि बेरीज-वजाबाकी शिकवते. पगार वगैरे काही नाही, आवड म्हणून. गणितात बी.एस्सी. केलं, लग्न झालं आणि ते गणित बरीच वर्षं नुसतं पडून होतं.

गयाबाई वर्गात नवीन. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि मजुरी. वयाने माझ्या आईएवढ्या, मी त्यांना मावशी म्हणते, पण त्या मला मॅडमच म्हणतात.

त्यांच्या मालकांना शुगर आहे. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सून द्यायची आणि ती आता बाळंतपणाला माहेरी निघाली होती. मुलगा जालन्यात खोली करून राहतो, मालकांना स्वतःला अंधुक दिसतं... म्हणजे काम गयाबाईंवरच आलं.

सुईची भीती त्यांना अजिबात नव्हती. "मेंढरांना लय सुया टोचल्या मी," म्हणाल्या. अडचण होती ती आकड्याची. ते इंजेक्शन पेनासारखं असतं, मागची चकती फिरवली की छोट्या खिडकीत आकडा दिसतो. आधी डोस वीस होता, डॉक्टरांनी नुकताच चोवीस केला होता.

पेनावर इंग्रजी आकडे असतात म्हणून आम्ही तेच आधी गिरवले. एक ते नऊ त्यांना पटकन आले. मंगळवारी त्या पेन घेऊनच आल्या. सुई काढून ठेवली आणि म्हटलं, लावून दाखवा चोवीस.

त्यांनी चकती फिरवली, खिडकी डोळ्यांजवळ नेली, अजून थोडी फिरवली... आणि एकदम खुशीत पेन माझ्यासमोर धरलं. खिडकीत 42.

एवढं औषध अंगात गेलं असतं तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्धच पडला असता. आणि गयाबाई मात्र शाबासकीची वाट बघत होत्या...

आधी वाटलं, घाईत झालं असेल. फळ्यावर लिहायला सांगितलं. पुन्हा 42. पंचवीस सांगितले तर 52, सत्तावीसला 72.

आता मला भीतीपेक्षा नवल वाटायला लागलं. गोंधळलेला माणूस कधी असा चुकतो, कधी तसा. गयाबाई दर वेळी एकाच पद्धतीने चुकत होत्या. याला काहीतरी कारण असणार!

म्हटलं, मावशी, लिहिताना मोठ्याने म्हणा. त्या म्हणाल्या, "चो..." आणि लिहिला चार. मग म्हणाल्या, "...वीस," आणि लिहिला दोन.

"जसं आईकू येतं तसंच लिहून राह्यले न मॅडम. तुम्ही आधी चार बोलता. मंग आधी दोन कामून लिहायचा?"

मनातल्या मनात म्हणून बघितलं... बावीस, तेवीस, पंचेचाळीस, अडुसष्ट. खरंच की! बोलताना आपण लहान भाग, म्हणजे एकक, आधी बोलतो आणि लिहिताना मोठा, म्हणजे दशक, आधी लिहितो. जन्मभर हे शब्द वापरले, पण कान देऊन कधी ऐकलेच नव्हते.

शेजारी बसलेल्या रुक्मिणताईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला. "मंग एकोणतीसाचं काय? त्याच्यात ना दोन, ना नऊ!" सगळा वर्ग हसला. एक कमी तीस म्हणजे एकोणतीस, हे समजावण्यात बराच वेळ गेला. बेरजा त्या दिवशी राहूनच गेल्या...

तेवढ्या वेळात गयाबाई बोटांवर काहीतरी जुळवत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बोलताना धाकटा म्होरं, लिहिताना थोरला म्होरं. बराबर?"

बिलकुल बराबर, मी म्हटलं.

पेनाची रीतही मग त्यांनीच बसवली. वीस त्यांच्या नजरेत पक्का होता. आधी तो आणायचा, थांबायचं आणि मग धाकट्यासाठी चार टकटक पुढे जायचं. सून होती तोवर रोज सकाळी तिच्यासमोरच आकडा लावत होत्या. एकदाही चुकल्या नाहीत, असं तिने मला फोनवर सांगितलं.

तरी सून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला घरी बसवेना. सकाळी लवकरच त्यांच्याकडे गेले. मालक ओट्यावर शर्ट वर करून बसले होते, शेजारी भाकरीचं ताट झाकून ठेवलेलं.

गयाबाईंनी चकती फिरवली. वीस आला. थांबल्या. "आता धाकटा," असं पुटपुटत हळूहळू पुढे गेल्या आणि पेन माझ्यासमोर धरलं. 24 अगदी स्पष्ट दिसत होतं. तरी मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

त्यांनी पुन्हा खिडकीत बघितलं... "चोवीसच हाय." आणि टोचलंसुद्धा.

मालक विचारतात, "दिलं का?"

"कवाच!"

मी हसले.

हात धुताना त्या म्हणाल्या, "मॅडम, बोलायचं एक अन् लिहायचं उलटं... हे ठरवलं तरी कोनी?"

शोधून सांगते, म्हटलं. कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा, मला त्यांना जाऊन सांगायचंय. आणि गयाबाई, तुमचे आभार... तुम्ही ऐकलं तसंच लिहिलंत, म्हणून मला माझी भाषा नीट ऐकू आली.