टापकिगेनची नवरी

टापकिगेनला खोकला झाला की साऱ्या पंचक्रोशीत सर्वाधिक काळजी वाटे ती तिच्या धाकट्या दिराला. किरवा अराप तुवेई सकाळीच येई, कुंपणाला टेकून "वहिनी, रात्री झोप लागली ना?" असे विचारी, आणि विचारता विचारता तिच्या बारा एकरांतला मका नजरेने मोजून घेई.

नवरा किबोर वारून सहा वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. कायद्याने जमीन टापकिगेनच्या हाती ठेवली होती खरी, पण तिच्या हयातीपुरतीच. तिच्यामागे ती दिराची. म्हणजे छप्पन्न वर्षांच्या बाईने पहाटे उठून सात गाईंच्या धारा काढाव्यात, उन्हातान्हात चहाची पाने खुडावीत, आणि हे सारे किरवाच्या भावी सुखासाठी. विधवेला मालकीण म्हणायचे आणि बिनपगारी राखणदार नेमायचे, ही कायदा करणाऱ्यांची जुनीच चतुराई आहे. किरवाला तर तेवढाही धीर नव्हता. डांबरी रस्त्यालगतचा तुकडा त्याने एका पेट्रोलपंपवाल्याला तोंडी देऊनही टाकला होता.

कुळाच्या बैठकीत टापकिगेनने तो विषय काढला, तेव्हा किरवा हसून म्हणाला, "वहिनी, जमिनीचं बोलणं पुरुषांचं असतं. तू आपला चहा बघ."

मंडळी हसली. त्या दिवशी चहात साखर पडली नाही.

पुढच्या आठवड्यात किरवा उदार झाला. "माझा एझेकिएल तुझाच मुलगा समज. तुझ्या घरात त्याचं लग्न लावू. तुझ्या नावाला वारस झाला म्हणजे झालं!"

"घरात नवरी आणायचं माझ्याही मनात आहे, भावजी," टापकिगेन म्हणाली. "गुरं माझ्या गोठ्यातली देईन. पण बोलणी करायला तुमच्यासारखी जीभ आणायची कुठून?"

एवढी स्तुती कानी पडल्यावर किरवाने पुढचे काही ऐकले नाही. नवरी कोणासाठी, हे त्याने विचारले नाही. तिने सांगितले नाही. त्याच्या अंगच्या असंख्य दोषांपैकी हा एकच तिच्या उपयोगाचा होता, आणि तो तिने जपून वापरला.

मुलगी जेमेली, वय चोवीस. पदरी दोन वर्षांचा मुलगा, लग्न झालेले नाही. टापकिगेन आधीच तिला दोनदा भेटून आली होती आणि दोघींचे काय ते ठरले होते. बोलण्यांच्या दिवशी जेमेलीच्या बापाने सहा गाई मागितल्या. किरवा काठी टेकत उठला.

"सहा? अहो, आम्ही मुलगी मागायला आलोय, डोंगर नाही! चार. आणि पोरगंही आमच्याच घरी येणार. गाय घेताना वासरू कोणी मागे ठेवतं का?"

"चार तर चार," बाप म्हणाला, "पण माझी मुलगी कोणत्या घरची होणार ते स्पष्ट सांगा. कागदावर घालायचं आहे."

एझेकिएलचा हक्क पक्का करण्याची ही संधी किरवा सोडतो थोडाच! छाती पुढे काढून तो गरजला, "माझा थोरला भाऊ किबोर, त्याच्या घरची! हिची मुलं ती किबोरची मुलं, आणि त्याची जमीन ती त्यांची जमीन. लिहा!"

लिहिले गेले. खाली किरवाने ऐटीत सही ठोकली आणि हातात मुरसिकचा, म्हणजे मुरलेल्या दुधाचा, भोपळा धरून फोटोही काढून घेतला. जेमेलीने रुमालाने तोंड झाकले. टापकिगेन अंगणातल्या कोंबड्या मोजत राहिली.

लग्नाच्या दिवशी एझेकिएलचा पत्ता नव्हता. एल्डोरेट शहरात त्याची स्वतःची एक पसंती होती, आणि ती घरात फक्त काकूला ठाऊक होती. किरवा फोनवर ओरडत असतानाच टापकिगेन किबोरचा कोट आणि टोपी घालून बाहेर आली आणि नवरीशेजारच्या तिवईवर बसली.

साऱ्या माना तिकडे वळल्या. मग कुळातला सर्वांत म्हातारा, अराप चुमो, ठसका लागेपर्यंत हसला.

"माझ्या आत्यानंही असंच केलं होतं! पोटी मुलगा नाही, म्हणून गुरं देऊन घरात बायको आणली. तिची पोरं आत्याच्या नवऱ्याच्या नावानं वाढली. गुरं पोचली, बोलणी झाली. आता ही पुरुषांच्या बाजूला आली. हिला तंबाखू द्या रे!"

किरवा न्यायालयात गेला. तेथे न्याय मिळण्यापूर्वी तारखा मिळतात, आणि त्या मात्र सर्वांना सारख्या मिळतात. दोन वर्षे उलटली. त्या काळात टापकिगेनने गाई सांभाळल्या, जेमेलीने चहा खुडला, आणि पोरगा किरवाला पाहिले की "काका" म्हणून धावत सुटू लागला. अखेर किनाऱ्याकडून बदलून आलेल्या तरुण न्यायाधीशबाईंनी कागद हाती घेतला.

"लग्न झालंच नाही, असं तुमचं म्हणणं. मग बोलणी कोणी केली?"

"मी. पण मला फसवलं."

"खोटं कोण बोललं?"

किरवाने बराच विचार केला. नाव सापडेना.

"ही सही कोणाची?"

"सही माझी, बाईसाहेब. पण अर्थ माझा नव्हता."

"आणि फोटोत भोपळा धरून हसताहेत ते?"

निकाल त्याच दुपारी लागला. जेमेलीचा मुलगा किबोरचा वारस ठरला. पेट्रोलपंपवाल्याने दुसरे शेत शोधले.

पुढची बैठक टापकिगेनच्याच अंगणात भरली. बांधाचा प्रश्न होता. ती टोपी घालून अराप चुमोच्या शेजारी बसली होती. किरवा उशिरा आला आणि सवयीने म्हणाला, "वहिनी, चहा—"

"वहिनी कोण?" म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. "पुरुषांच्या बाजूला आलेल्या माणसाला अशी हाक मारतात? तुझ्या थोरल्या भावाच्या जागी आहे ती."

सगळे वाट पाहू लागले. किरवा खाकरला, मग खोकला, मग पुन्हा खाकरला.

"खोकला झालाय का तुला?" टापकिगेनने आस्थेने विचारले. "रात्री झोप लागली ना?"

"दादा," किरवा जमिनीकडे पाहत पुटपुटला, "चहा मिळेल का?"

"मिळेल की. चूल तिकडे आहे, तूच बघ," टापकिगेन म्हणाली. "इथे जमिनीचं बोलणं चाललंय."