बेटावरची काळी झाडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मराठीत लिहून — यातसुद्धा माझा भित्रेपणा आहे, तो आधीच कबूल करतो. आमच्या बालाघाटकडे घरात मराठी बोलतात, पण वाचणारे थोडे. शाळा हिंदीची. मी मराठी वाचायला शिकलो ते वडिलांनी नागपूरहून आणलेल्या पुस्तिकांवर बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत. जिला हे सगळ्यात आधी कळायला हवं तिला वाचता येत नाही, आणि तिच्या मुलीनं हिंदीपलीकडे कधी काही वाचलेलं नाही. म्हणजे मी अशा पुस्तकी मराठीआड उभा राहून बोलतोय, जिच्या पलीकडे त्या घरातलं कुणी येणार नाही. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही दूर आहात.

मी ड्रोन उडवतो. लग्न, साखरपुडा, जयंतीची मिरवणूक, कुणाचं नवीन घर — वरून चित्रण करायचं आणि मग कम्प्युटरवर त्याला रंग चढवायचे, हे माझं काम. आमच्या टोलीतला, म्हणजे वस्तीतला, पदवी घेतलेला पहिला मुलगा मी. नोकरी लागली नाही, पण या कामानं घर उभं राहिलं. पदवीपर्यंत मी पोचलो त्यात ज्यांचा हात होता, त्यांतले एक रामदासमामा. नात्यातले नव्हेत — शेजारचे. म्हशी होत्या त्यांच्याकडे, रोज सायकलला कॅन लावून बालाघाटला दूध घालायला जायचे. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी वडिलांना खदानीतून सुट्टी मिळाली नाही, तर मामांनी एका बाजूचा कॅन काढून ठेवला आणि मला मागे बसवून नेलं. खिडकीतल्या बाबूला त्यांनी न विचारताच सांगितलं, "आमच्या टोलीतला पहिला आहे हा. नीट लिवजा नाव." बाबू हसला. मला तेव्हा लाज वाटली होती. किती छोट्या गोष्टींची लाज वाटते माणसाला — आणि किती मोठ्या गोष्टींची वाटत नाही?

ड्रोनला मामा भुंगा म्हणायचे. मी सराव करायला नदीकाठी जायचो. वैनगंगेचं पात्र आमच्या गावापाशी रुंद होतं, मध्ये एक लांबट बेट आहे, बाभळी आणि बांबूचं. उन्हाळ्यात मामांच्या म्हशी तिथंच चरायच्या. ड्रोनची घरघर ऐकू आली की मामा जिथं असतील तिथून गमछा काढून डोक्यावर गोल फिरवायचे. संध्याकाळी घरी आले की विचारायचे, "काहून बाबू, दिसलो का मी तुह्या भुंग्याले?"

"हौ मामा, दिसले ना."

"कोणता मी आन् कोणती म्हैस, हे समजलं का पण?"

शेवंतामामी आतून म्हणायची, "जे देखणं दिसलं असंन, ते म्हैस. तुम्ही नाही." आणि ते दोघंही हसायचे. हा विनोद किती वेळा झाला असेल, आणि दर वेळी ते तितकेच हसले.

मी मुद्द्याकडे येत नाही, हे मलाही कळतंय.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी, पाऊस थांबून थांबून येत होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, दवंडी फिरली, पण मामांची एक गाभण म्हैस बेटावर अडकली होती. तेव्हा पाणी कमरेइतकं होतं. ते गेले. खताची पिवळी पिशवी डोक्यावर खोळीसारखी घेतलेली — आमच्याकडे पावसात सगळेच घेतात. गेले आणि पाणी वाढलं. दुपार कलली तेव्हा अर्धं गाव काठावर होतं आणि मामांचा पत्ता नव्हता. होमगार्डची मोटरबोट आली होती, एकच. थानेदारसाहेबांना कुणीतरी सांगितलं की या गावात एका पोराकडे ड्रोन आहे. मला निरोप आला आणि मी धावत गेलो. हे खरं आहे. मी धावतच गेलो.

आता मला थोडं माझ्या कामातलं सांगावं लागेल, त्याशिवाय माझा दोष तुम्हाला दिसणार नाही.

आदल्या दिवशी मी एका जोडप्याचं लग्नाआधीचं चित्रण केलं होतं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगावर एक काळी काच लावतात — माणसाला गॉगल, तशी. उजेड कमी होतो आणि हालचाल रेशमासारखी दिसते. शिवाय रंग मुद्दाम फिके ठेवतात, म्हणजे नंतर कम्प्युटरवर हवे तसे चढवता येतात. आणि उजेडाचं माप आपल्या हातात ठेवायचं, कॅमेऱ्यावर सोडायचं नाही. सुंदर चित्रणासाठी हे सगळं बरोबर आहे. माणूस शोधायला हे सगळं चूक आहे. माणूस शोधायचा तर काच काढायची, माप कॅमेऱ्यावर सोडायचं, खाली उतरायचं आणि हळू बघायचं. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. काच काढायला कितीसा वेळ लागतो? चिमटीत धरून फिरवली की निघते.

मी ड्रोन वर नेला आणि पश्चिमेला ढग फाटले.

कसं सांगू — मी तसा उजेड पुन्हा पाहिलेला नाही. वर शाईसारखे ढग, त्यांच्या खालून आलेलं तिरपं सोनेरी ऊन, आणि दोन्ही काठ गिळून वाहणारी वैनगंगा, वितळलेल्या तांब्यासारखी. पडद्यावर ते दिसलं आणि माझ्या मनात काय आलं? मामा नाही आले. मनात आलं, हे आकाश जळता कामा नये. म्हणजे पांढरं पडता कामा नये. मी माप आकाशासाठी धरलं. आकाश सांभाळलं की जमीन काळी पडते, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. बेटावरची झाडं पडद्यावर नुसता काळा डाग झाली. रिमोटवर उजव्या बोटापाशी एक छोटं चाक असतं, ते जरा फिरवलं की चित्र उजळतं. मी बोट त्यावर ठेवलं होतं. मला आठवतं — बोट त्यावर होतं. पण मनात म्हटलं, हा एक शॉट पुरा होऊ दे, मग उजळून बघतो.

मी बेटावरून उंच, सावकाश, एका संथ वळणानं ड्रोन नेला. वळण अर्धवट राहिलं तर चित्रण वाया जातं, म्हणून मध्ये थांबलो नाही. शेवटी कॅमेऱ्याचं तोंड वर उचलून सूर्याकडे नेलं. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची सूचना वाजू लागली आणि ड्रोन परत आणावा लागला.

थानेदारसाहेब माझ्या खांद्याशी उभे होते. बेटाकडे हात करून म्हणाले, "टापू पे कोई है क्या? साफ बोल बेटा. अँधेरा होने वाला है, बोट एक ही फेरा मारेगी. उधर भेजूँ कि पुल की तरफ?"

तिकडं खालच्या पुलाजवळ मामांची म्हैस वाहून जाताना कुणीतरी पाहिली होती. लोक म्हणत होते, मामाही तिकडंच गेले असतील. बेटाकडे जायचं तर बोटीला ऐन धार कापावी लागणार होती. मी काय म्हणायला हवं होतं? "सर, नीट बघितलं नाही, पुन्हा बघतो." एवढंच. पण मामी तिथं होती, सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, शिकलेला पोरगा, मशीनवाला पोरगा — आणि मी म्हणालो,

"नहीं सर. टापू खाली है."

बोट पुलाकडे गेली. मी दुसरी बॅटरी घालून तिच्यासोबत ड्रोन पाठवला. तिकडं काही नव्हतं. रात्री बेट पाण्याखाली गेलं. सकाळी मामा सापडले, खालच्या गावाच्या वळणावर.

इथपर्यंतचं गावाला माहीत आहे. म्हणजे मी बेट पाहिलं आणि ते रिकामं होतं, असं गावाला माहीत आहे.

मामांच्या मृत्यूनंतरचा जलदान विधी झाला. त्यानंतर एका दुपारी मी ते चित्रण उघडलं. का उघडलं? काही चुकलं का ते तपासायला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. तसं नाही. तो उजेड मला आठवत होता. मला ते आकाश पुन्हा बघायचं होतं.

रंग चढवताना मी सवयीनं सावल्या उचलल्या. म्हणजे चित्रातला काळा भाग थोडा उजळवला, आत काय दडलंय ते बघायला. फिक्या रंगात चित्रण केलं की अंधारातलंही पुष्कळ शिल्लक राहतं, तोच त्याचा उपयोग. बेटावर बाभळीच्या बेचक्यात एक पिवळा ठिपका उमटला.

मी चित्र मोठं केलं.

पिशवी डोक्यावर नव्हती. हातात होती. ती गोल फिरत होती — गमछा फिरायचा तशीच, डोक्यावर. त्यांना घरघर ऐकू आली असणार. भुंगा आला हे त्यांना कळलं असणार, आणि तो कुणाचा हेही. दर वेळी मी म्हणायचो ना, हौ मामा, दिसले? त्यांनी विश्वास ठेवला असेल, नाही? पोरगं आलंय, त्याला आपण दिसतो. आणि मग ड्रोन त्यांच्यावरून संथ निघून गेला आणि त्यानं तोंड आकाशाकडे फिरवलं. शेवटच्या क्षणापर्यंत ती पिशवी फिरत होती. चित्राबाहेर गेल्यावर किती वेळ फिरली असेल, ते माझ्याकडे नाही.

बोट गेली असती तर धार कापून पोचली असती का, मला ठाऊक नाही. ते मी इथं विचारणार नाही.

पण त्या दुपारी मी जे केलं ते मी पूर्ण शुद्धीत केलं. मी उठून मामीकडे गेलो नाही. मी सावल्या परत खाली ओढल्या. होत्या त्याहून खाली, इतक्या की बेटावरची झाडं कोळशासारखी झाली आणि पुन्हा कुणी कितीही उजळवलं तरी आत काही उमटणार नाही. मग आकाशात सोनेरी भरलं, पाण्याला तांबूस झाक दिली. आणि ते माझ्या चॅनलवर टाकलं. लोकांनी लिहिलं, क्या सीन है भाई. दोन लग्नांचं काम मला त्यावरून मिळालं.

काही दिवसांनी मामीनं बोलावलं. तिची मुलगी माहेरी आलेली होती. मामी तिच्याकडे बघत म्हणाली, "बाबू, तुह्याजवळ त्या दिवसाची नदी हाये म्हणते हे. मले पाहाची आहे."

मी नाही म्हणू शकलो असतो. मी ते रंगवलेलं चित्रण तिच्या मुलीच्या फोनमध्ये घालून दिलं. मामी फोन डोळ्यांशी धरून बघत राहिली. आकाश तिनं पाहिलंच नाही. ती बेट बघत होती. बोटानं तिथंच दाबत होती, जणू हातानं फांद्या बाजूला करतेय.

"हे झाडं इतके काळे काहून दिसून राह्यले रे?" ती म्हणाली. "दिवस तं होता."

"ढग होते ना मामी," मी म्हणालो.

तिनं फोन खाली ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू तं पाह्यलं बाबू. तुह्यानं जेवढं झालं, तेवढं तू केलं. माह्या मनात तेवढीच शांती आहे, का कोणीतरी आपल्या माणसानं पाह्यलं." तिनं मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मी तो चहा प्यालो.

मूळ चित्रण मी पुसलेलं नाही. त्याचं कार्ड एका डब्यात आहे, कपाटात. पुसलं नाही म्हणून मी बरा ठरतो असं नाही — मी ते दाखवतही नाही.

या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीवर ड्रोन उडवत होतो. आता मी काळी काच क्वचितच लावतो. ऊन स्वच्छ होतं. मिरवणूक टोलीतून वळली आणि ड्रोन मामीच्या अंगणावर आला. ती एकटी उभी होती, पांढऱ्या लुगड्यात. तिनं घरघर ऐकली, वर पाहिलं, आणि खांद्यावरचा पदर काढून डोक्यावर गोल फिरवला. मामांसारखाच.

माप बरोबर होतं. ती अगदी स्पष्ट दिसत होती — तोंडावरचं हसूसुद्धा.

मी ड्रोन दुसरीकडे वळवला.