कापसाच्या ढिगातला आवाज

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. तरीही एका बुधवारी दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी, बंद चर्चमध्ये मी एकटी असताना, कुणीतरी माझ्या गाण्याची ओळ माझ्यामागून म्हटली. वेळ अचूक आहे. मी ती तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवली होती.

नोएल आणि रूथ, ही गोष्ट तुम्हाला फोनवर नीट सांगता येत नाही, कारण शेजारची मंदाबाई मध्ये बोलते आणि शेवट आधी सांगून टाकते. म्हणून क्रमवार लिहून पाठवते आहे.

आपल्या महागावच्या चर्चमध्ये गाण्याची एक पद्धत आहे. मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, त्यामुळे गीतपुस्तकं वाटून उपयोग नसतो. गाणं चालवणारा पुढे उभा राहून एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मग सगळी मंडळी तीच ओळ मागून म्हणते. मग पुढची ओळ. तीस वर्षं हे काम गमालिएल मास्तर करत होते. गेल्या पावसाळ्यात ते वारले. त्यांची पेटी अजून कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. मास्तर म्हणायचे, "तयारी न करता माझ्या जागेवर कोनी उभं राह्यलं, तं मी जिथं असन तिथून येऊन कान धरीन." तेव्हा आम्ही हसायचो.

मास्तर गेल्यावर गाणं पार बसलं. मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ शांतवनभाऊ एका रविवारी उभे राहिले.

"आता कापनीच्या सणाले गाणं जमलं तं जमलं. नाही तं मी आपला मोबाईल लावतो. डब्बा हाय, ब्लूटूथ हाय, कायले उगाच घसे फोडता?"

डब्बा म्हणजे त्यांचा मोठा स्पीकर. मला एकदम चित्र दिसलं: डबा गातो आहे आणि आमच्या म्हाताऱ्या हात बांधून गप्प बसल्या आहेत. एकदा गप्प बसल्या की त्या पुन्हा तोंड उघडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "गाणं मी चालवीन."

सगळ्यांनी वळून पाहिलं. (मीही. मला वाटलं दुसरंच कोणी बोललं!) तोपर्यंत मी नेहमी दुसऱ्यांच्या आवाजाआड लपून गात आले होते.

सण पुढच्याच रविवारी होता, म्हणून घरी येऊन मी आठवड्याचं वेळापत्रक केलं. सोमवार: गाणं निवडणे. मंगळवार, तीन ते तीन-वीस: प्रेरणा. बुधवार ते शनिवार, तीन ते चार: तालीम. सोमवारी मास्तरांच्या जुन्या वहीतून कापणीचं एक गाणं निवडलं. मंगळवारी बायबल, पेन्सिल आणि पाण्याचा पेला घेऊन वीस मिनिटं डोळे मिटून बसले. प्रेरणा आली ती एवढीच, की गॅसचा सिलिंडर लावायचा राहिलाय. तीन-वीसला मी डोळे उघडले. वेळ संपली होती.

तालीम कुठे करते हे मी घरात सांगितलं नव्हतं. गाणं बिघडलं तर निदान घरी तरी अब्रू राहावी! तसंही दुपारी घरात कोणी नसायचं. डॉक्टरांनी साखरेमुळे तुमच्या आजोबांची दुपारची झोप बंद केली होती आणि अंमलबजावणी माझ्याकडे होती. ते बिचारे जेवण झालं की निमूट वेचणी बघायला शेतात जात आणि पाचला परत येत, डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या तंतूंनी माखलेले. या वयात इतकी मेहनत! मला अभिमान वाटायचा.

बुधवारी पाळकीणबाईंकडून किल्ली घेऊन मी चर्च उघडलं.

कापणीच्या सणाला आपल्याकडे प्रत्येक घर पहिल्या वेचणीतला कापूस आणून देवापुढे ठेवतं. यंदा पीक बरं होतं. वेदीच्या डाव्या बाजूला खिडकीपर्यंत कापूस चढला होता. शेळ्या शिरू नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद. निळ्या काचांतून उतरती उन्हं येत होती आणि तो सगळा ढीग निळसर दिसत होता, चादर ओढून निजलेल्या माणसांच्या रांगेसारखा. सरकीचा कोमट, तेलकट वास. मी चालले, पण माझ्या चपलांचा आवाज झाला नाही. मी खाकरले, तर ते खाकरणं माझ्या तोंडातून निघालं आणि कुठेतरी नाहीसं झालं. कापूस आवाज गिळतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी मास्तरांच्या जागेवर उभी राहिले आणि म्हटलं,

"शेत तुझे, बी तुझे, आम्ही केवळ राखणदार..."

आणि थांबले. मंडळीला मागून म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी जागा सोडायची, अशी माझी शिस्त. बोटांवर चार मोजायचे. एक. दोन.

"शेत तुझे..."

आवाज पुरुषाचा होता. खोल, जरासा उशिराने आलेला, जमिनीखालून यावा तसा.

"...बी तुझे... आम्ही केवळ राखणदार."

'राखणदार' शब्दावर मास्तर एक खास वळण घ्यायचे, आवाज एक पायरी उतरवून मग चढवायचे. ते वळण जसंच्या तसं होतं.

मी घड्याळ पाहिलं, वहीत तीन-सतरा लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मग मी दुसरी ओळ म्हटली. (का म्हटली? कारण वेळापत्रकात चारपर्यंत तालीम होती!) दुसरी ओळही मागून आली. तिसरी म्हणायचं धाडस झालं नाही. मी घरी निघाले. पळाले नाही. फक्त जरा भरभर चालले, आणि एक चप्पल चर्चमध्येच राहिली.

संध्याकाळी तुमचे आजोबा आले. मी चहा देत सहज विचारलं, "अहो, मेलेला माणूस परत येतो का हो?"

"कोन माणूस?"

"समजा, गमालिएल मास्तर."

"मास्तर?" त्यांनी बशीत चहा ओतला. "जिता होता तवा कधी टायमावर नाही आला तो. आता कायले येते?" आणि एक मोठी जांभई दिली. शेतात दमले असणार.

गुरुवारी मी मंदाबाईला सोबत नेलं. मंदाबाईने परसात एकटीने काठीने नाग मारलेला आहे. मी म्हटलं, काही असेल तर हिला दिसेल, नसेल तर माझं डोकं तपासून घेऊ. ती मागच्या बाकावर पदर खोचून बसली. मी पहिलं कडवं म्हटलं. प्रत्येक ओळ परत आली. मंदाबाई जागची हलली नाही. दुसऱ्या कडव्यात मी म्हटलं, "ओंजळ भरली, ओटी भरली." आवाज आला, "ओटी भरली, ओंजळ भरली." मी वही उघडून पाहिली. आवाज बरोबर होता. चूक माझी होती.

"काकू," मंदाबाई हळूच म्हणाली, "थो मास्तरच व्हय. चूक काढून राह्यला."

"हळू बोल."

"आन् काकू, घाबरू नका, पन जरा त्या कापसाकडं पाहा."

मी पाहिलं. खिडकीजवळचा ढीग अगदी सावकाश वर येत होता. मग खाली बसत होता. मग पुन्हा वर.

"बाप्पा!" मंदाबाई म्हणाली. "कापूस श्वास घेऊन राह्यला!"

नाग मारणारी मंदाबाई माझ्या आधी रस्त्यावर पोचली.

शुक्रवारपर्यंत ही बातमी उमरखेडपर्यंत जाऊन परत आली होती. परत आली तेव्हा त्यात पेटी आपोआप वाजत होती आणि मी बेशुद्ध पडले होते. तीनला चर्चमध्ये आमच्यासोबत पाळकसाहेब आणि शांतवनभाऊही हजर. पाळकसाहेब तरुण आहेत आणि खूप शिकलेले आहेत.

"बाई," ते मला शांतपणे म्हणाले, "मृतांचे आत्मे असे गात फिरत नाहीत. हे सगळं मनाचं असतं. तुम्ही म्हणा."

मी ओळ म्हटली. एक मोजण्याआधीच मागून ओळ आली, आणि आज ती अधिक जवळून आली.

पाळकसाहेबांच्या हातातलं बायबल पडलं. शांतवनभाऊंचा हात दाराच्या कडीवर होता.

"बस झालं, मॅडम," ते तिथूनच म्हणाले. "रविवारी डब्बा. मास्तरले पन शांती, आपल्याले पन शांती."

"भाऊ, अजून दोन दिवस आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"कोनासाठी दोन दिवस? रविवारी कोनी तोंड उघडीन काय इथं?"

तेवढ्यात पाळकसाहेबांनी सगळं धैर्य गोळा केलं. ते ढिगाजवळ गेले, दोन्ही हात वर केले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की कापसालाही तो आवाज गिळता आला नाही. "जो कोणी असशील, बाहेर ये!"

आणि आवेशात एक पाऊल पुढे टाकलं. कापसात. कशावर तरी.

ढीग फुटला. आतून एक पांढरी आकृती उठून बसली. तिला तोंड नव्हतं. जिथे तोंड असावं तिथे कापूस होता आणि त्या कापसात एक काळं भोक उघडलं. निळ्या उजेडात ती आमच्याकडे वळली. मग ते भोक बोललं,

"चहा झाला काय वं?"

पुढचा क्रम मला नीट लावता येत नाही, आणि क्रम लावता न आलेली ही माझ्या आयुष्यातली एकमेव घटना. मंदाबाई बाकाखाली गेली. शांतवनभाऊ दार न उघडताच बाहेर पडायचा प्रयत्न करत होते. पाळकसाहेब मागे सरकून मास्तरांच्या पेटीवर बसले आणि पेटीने चादरीखालून लांबलचक कण्हून घेतलं. मी किंचाळत होते. मला सांगण्यात आलं की बराच वेळ किंचाळत होते. गप्प झाले तेव्हा पांढरी आकृती डोळ्यांवरचा कापूस काढत होती आणि खालून तुमच्या आजोबांचा चष्मा निघाला.

शेतात जातो म्हणून निघालेला माणूस आठवडाभर कुलूप नसलेल्या मागच्या दाराने चर्चमध्ये शिरत होता! कापसात खड्डा करायचा, थंडी वाजू नये म्हणून वरून कापूस ओढून घ्यायचा आणि पाचपर्यंत झोपायचं. अंगावरचे तंतू मेहनतीचा पुरावा म्हणून घरी आणायचे. मी तिथे येते याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी ते उठत नाहीत. उठायला पाळकसाहेबांचं सगळं वजन नडगीवर यावं लागलं.

"पण गात का होतात?" माझ्या तोंडून जेमतेम हवा निघत होती.

"कोन, म्या?" ते खरोखर चकित झाले. "मले गाता येते काय? बेचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाले, कधी आयकलं काय तू?"

नव्हतं ऐकलं. पाळकसाहेबांनी त्यांना ती ओळ म्हणायला लावली. गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज निघाला, आणि दुसरा शब्दच आठवेना. ते कापसातच बसून राहिले.

"माय चर्चमधी ओळी सांगे," ते म्हणाले. "तवा मास्तर पन लहानच होता, थो तिच्यापाशीच शिकला. म्या मांडीवर निजून राहू. निजल्या निजल्या मागून म्हनत असन. मले काय मालूम?"

त्या रात्री मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होते. इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसात एक आवाज राहत होता आणि आमची ओळखही नव्हती. खरं सांगते, भूत निघालं असतं तर मला कमी भीती वाटली असती.

रविवारी माझा घसा पार बसला होता. त्याला तेवढीच विश्रांती म्हणून पाळकसाहेबांनी गाणं प्रवचनानंतर ठेवलं. प्रवचन पाऊण तास चाललं. चर्च खच्चून भरलेलं, बाहेरगावची माणसंही आलेली. वेदीखाली शांतवनभाऊंचा डबा निळा दिवा मिचकावत बसला होता.

मी उभी राहिले आणि जेवढा होता तेवढ्या आवाजात म्हटलं, "शेत तुझे, बी तुझे, आम्ही केवळ राखणदार..."

आणि थांबले.

कोणीही म्हटलं नाही. दीडशे माणसं माझ्याकडे नाही, कापसाकडे बघत होती. पहिला आवाज आपला नको, असं प्रत्येकाने ठरवलेलं! एक. दोन. शांतवनभाऊंनी मोबाईल काढला. तीन. त्यांचा अंगठा काचेवर टेकणार, एवढ्यात...

"शेत तुझे..."

पुरुषांच्या पहिल्याच बाकावर तुमचे आजोबा. हनुवटी छातीवर, डोळे मिटलेले, ओठ हललेले न हललेले. सगळं माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. बायकांच्या पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीने तोंडावर हात नेला, मग काढला आणि त्यांच्या आवाजात आपला मिसळला. मग दुसरीने. 'राखणदार'पर्यंत सगळ्या बायका आल्या आणि दुसऱ्या ओळीला सगळं चर्च. मंगळवारी वीस मिनिटं बसून जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. त्याला प्रेरणा म्हणतात की नाही, ते मला माहीत नाही. शांतवनभाऊंनी मोबाईल खिशात टाकला आणि चौथ्या ओळीपासून तेही गायला लागले, बेसूर.

सोमवारच्या सभेत गाणं कायमचं माझ्याकडे द्यायचं एकमताने ठरलं. एकच अट घातली, तीही शांतवनभाऊंनी: गाणं प्रवचनाच्या आधी कधीही ठेवायचं नाही, तुमचे आजोबा तोवर जागे असतात.

मुलांनो, एकतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. माझ्या तासाला कधी कोणी डुलकी घेतली नाही, याचा मला गर्व होता. आता मी दर रविवारी पुढे बसून मनापासून प्रार्थना करते, की देवा, पाळकसाहेबांचं प्रवचन आज तरी चांगलं होऊ देऊ नकोस!