बेटावरचा तो खडक

घरी येऊन दोन तास झाले, पण अजून डोकं सुन्न आहे. म्हणून लगेच लिहितोय.

आज सकाळी भूमजवळच्या तलावातल्या बेटावर आम्ही तिघे मित्र पक्षी बघायला गेलो होतो. होडी मच्छीमार सोसायटीच्या दगडूमामांची. सोबत त्यांची म्हातारी आई होती. होडीत बसायची तिची ही पहिलीच वेळ.

बेटावर चक्रवाकांची जोडी उतरली होती. मी आजीला दुर्बीण दिली, पण ती एका खडकाकडंच बघत राहिली. मग मामांना म्हणाली, "तुजा जलम हितं झाला. त्या खडकाआड."

मामा गडबडले. "आई, तू तर घरात झाला म्हणायचीस!"

"बहात्तरच्या दुष्काळात ह्याच तलावाचं काम चालू हुतं. ही तवा टेकडी हुती. माती वाहताना कळा आल्या. दोघी बायांनी लुगड्याचा आडोसा धरला. तिसऱ्या दिशी म्या परत टोपलं उचललं. असलं पोराला काय सांगायचं?"

मामा वीस वर्षं त्याच खडकाला होडी बांधतात. परतताना वल्ही माझ्या हातात देऊन ते आईजवळ बसले.

मी माझ्या आईला असं काही कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंय?